दोन आज्या आणि एक अस्वल

गुरुवार, पुरीमच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी

काल सोंगांच्या सणाला शिंपीणच आली बाई सगळ्यांत आधी, आणि आली ती शिंपी होऊन! नवऱ्याची विजार, नवऱ्याचा चष्मा, गळ्यात टेप, कानावर खडू, आणि ओठावर काजळाची ही एवढी मिशी. दारातच उभी राहून अगदी त्याच्यासारखं नाक ओढत म्हणते, "काय आजी, काजं झाली का? गिऱ्हाईक खोळंबलंय!" मी हसून हसून खाटेवर बसले. तेवढ्यात तिच्या मागून खुद्द शिंपी जिना चढून वर. तो काहीच झाला नव्हता, रोजचाच अवतार. म्हणतो, "एका घरात दोन शिंपी झाले, आता मी कोण होऊ?" शिंपीण म्हणाली, "तुम्ही गप्प व्हा, ते कधी झालेलं कोणी पाहिलं नाही."

अगं, आशीर्वाद लिहायचेच राहिले. सोन्या, तुला तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघी खुशाल आहोत. तुझी ठकी खुशाल आहे, हे आधी नीट वाच आणि मगच पुढे जा. आत्ता ती माझ्या पायाशी बसून बटणांच्या डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावते आहे. तुझं कसं चाललंय? इस्पितळात उभं राहून राहून पाय सुजत असतील. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसत जा, आळस करू नको. माझं अक्षर नेहमीचंच, कोंबडीने उकरल्यासारखं. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण फोनवर काही बोलायचं नाही असं तूच बजावलं आहेस, तेव्हा वाच बापडी लावून लावून.

तर ठकीचं सोंग. मुलींना राणीच व्हायचं असतं. शिंपिणीने जरीचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता, मुकुटाला सोनेरी कागद आणला होता. तर ही म्हणते, "मी राणी नाही, मी आजी होणार." कुठली आजी गं? "तू!" झालं. माझी राखाडी शाल, माझा एक काडी मोडलेला चष्मा, केसांना पीठ, पाठीवर उशी बांधून कुबड. मला कुबड आहे का गं? शिंपीण म्हणते, थोडं आहे. शिंप्याने पुठ्ठ्याचा मुखवटा कातरून दिला, त्यावर शाईने सुरकुत्या काढल्या, आणि हातात काठी म्हणून माझी छत्री. आणि तोंडात तर काय, सगळी माझीच वाक्यं. "अगं बाई गं, गुडघे गेले माझे." "चहात साखर आहे की नाव घेतलंय नुसतं?" आणि मग छत्री टेकत दारापाशी जाऊन, "कडी लावली का? बघ बरं. परत एकदा बघ." लोक हसून लोळले. मीही हसले. ती माझ्याकडून दिवसभर हेच ऐकते, हे मला काल कळलं.

आता रागावू नको. मी तिला बाहेर नेलं.

थंडीत तू तिला इथे सोडून गेलीस तेव्हापासून पोरीने रस्ता पाहिलेला नाही. पाहिला तो पडद्याच्या फटीतून, तोही मी "मागे हो" म्हणेपर्यंत. समोरच्या शाळेची पोरं सुटली की ती त्यांची दप्तरं मोजत बसते. कोणी विचारलं तर शिंपिणीची भाची, आजारी असते म्हणून शाळेत जात नाही, हे ती पोपटासारखं म्हणते, अगदी न अडखळता. सहा वर्षांच्या लेकराला एवढं सराईत खोटं बोलता येऊ नये. मला वाटलं, वर्षातून हा एकच दिवस असा, की तोंड झाकून फिरलं तर कोणी संशय घेत नाही, उलट टाळ्या वाजवतं. सगळं गावच मुखवटे घालून हिंडतंय, त्यात एक माझी मुठीएवढी म्हातारी. कोण ओळखणार?

आणि काय सांगू तुला, रस्त्यावर तिने पहिल्यांदा माझा हात सोडला, छत्री खांद्यावर टाकली, आणि अशी धावली! म्हातारी धावतेय म्हणून लोक बाजूला होऊन हसायला लागले. इस्त्रीवाला ओरडला, "आजी, कुठलं तेल लावता गुडघ्यांना?" ती वळून म्हणाली, "तुला परवडायचं नाही!" हे मी कधी म्हणाले गं? म्हणाले असेन.

प्रार्थनालयात ही गर्दी. राणीची गोष्ट वाचायला सुरुवात झाली. ठकीला मी आदल्या दिवशीच समजावून ठेवली होती, की राजाच्या वाड्यात एक राणी होती, आपण कोणाची लेक ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि एका दुष्ट वजिराने आपली सगळी माणसं एका दिवसात मारायचं ठरवलं, तेव्हा ती घाबरत घाबरत राजापुढे गेली आणि खरं बोलली, म्हणून आपण वाचलो, म्हणून आज हसायचं. ठकीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग ती आधीच का नाही बोलली?" मी म्हटलं, भीती वाटत असेल. "आणि बोलल्यावर नाही वाटली?" या प्रश्नाला मी तिला सणाची खसखशीची तिकोनी दिली खायला. वजिराचं नाव आलं की पाय आपटायचे, डबे बडवायचे, नाव ऐकू येता कामा नये. ठकीने बटणांचा डबा आणला होता. तो तिने असा बडवला की बटणं बाकाखाली गेली आणि मी आणि शिंपीण ढोपरांवर. शिंपी म्हणाला, "आता खरी म्हातारी कोण ते कळलं."

तिकोन्या यंदा फार सुरेख झाल्या. तीन कोन दाबून आत खसखशीचं सारण भरलं, एकही उलली नाही. भट्टी पाववाल्याचीच. तो मला दर वर्षी त्याच्या भट्टीत दोन पत्रे लावू देतो आणि दर वर्षी म्हणतो की आजी, तुमच्यामुळे माझं गिऱ्हाईक बिघडतं. सुकामेवाही ताटलीत ठेवला. तुला ठाऊकच आहे, या दिवशी दोन जिन्नस तरी पाठवायचे, आणि तेही दुसऱ्याच्या हाती. त्यामुळे दिवसभर सोंगं घेतलेली माणसं ताटं घेऊन जिना चढत असतात आणि ताट घेऊन आलेल्याला कोणी दारात अडवत नाही. तू कोण रे बाबा, असं विचारायचं नसतं. आपण ओळखायचं असतं. ओळखलं की हशा, चुकलं की दुप्पट हशा. मी लहान होते तेव्हाही असंच होतं, माझ्या आईच्या वेळीही.

दुपारी खोली भरली होती. शिंपी, शिंपीण, इस्त्रीवाला आणि त्याची बायको, ती चहाची किटली झाली होती, तिच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन, बसताच येईना तिला. द्राक्षाचा रस फिरला, मग दुसराही फिरला, तो जरा कडक होता. मी एरवी शिवत नाही. पण या दिवशी म्हणतातच की भला कोण आणि दुष्ट कोण हे कळेनासं होईपर्यंत प्यावं. शिंप्याने आग्रह केला, मी घेतलं. थोडंच घेतलं गं.

तेव्हा एक राजा आणि एक अस्वल आले.

राजाला पुठ्ठ्याची दाढी आणि लाल झगा. अस्वल म्हणजे जुन्या केसाळ गालिच्याचा कोट, हातात मोजे, आणि वरून सोंडेसारखं नाक असलेला मुखवटा, तो खायला जरा वर उचलता येईल असा. ताट मोठं आणलं होतं, पितळेचं, त्यात दुकानातली भारी मिठाई. मी म्हटलं, "थांबा, थांबा, कोणी सांगू नका! तुम्ही पाववाल्याचे मुलगे!" राजाने हात जोडले, बारीक आवाज काढून म्हणाला, "आजींपुढे काही लपत नाही." मला केवढा आनंद झाला. शिंपीण म्हणाली, "मुलगे एवढे उंच कधी झाले?" मी म्हटलं, "पाव खातात बाई, यीस्टचा." सगळे हसले. अस्वल हसलं नाही, पण अस्वल कशाला हसेल, असं मला वाटलं.

त्यांना बसवलं. तिकोन्या दिल्या. ठकीने त्यांच्यापुढे आपलं सोंग करून दाखवलं, गुडघे, साखर, सगळं. राजा टाळ्या वाजवत होता. अस्वल नुसतं बघत होतं. दारापाशी जाऊन कडीचं वाक्य म्हणायचं होतं, तिथे ती थांबली. छत्री टेकून उभी राहिली आणि पुढचं विसरली. मी म्हटलं, "म्हातारपण! विसरायला होतं!" तिला मी जवळ ओढलं, तर हात गार.

राजाने विचारलं, "ही छोटी आजी कोणाची?" मी म्हटलं, "शिंपिणीची भाची." ठरल्याप्रमाणे म्हटलं, हं. मग तो म्हणाला, "पण दोघी एकमेकींसारख्या दिसता अगदी. यातली खरी कुठली?" आणि मी, पोटात ते दोन घोट, खोलीत सगळी आपली माणसं, पोर थंडीपासून पहिल्यांदा हसलेली, मी म्हटलं, "अरे, रक्त एकच असल्यावर कसा ओळखणार तू?"

शिंपिणीने माझ्याकडे पाहिलं. मिशीसकट तिचं तोंड पांढरं पडलं. पण तोवर इस्त्रीवाल्याची किटली कोचावरून घसरली आणि हशा झाला.

ते थोडा वेळ बसले. छान बोलून गेले.

जरा थांबते. जिन्यावर कोणीतरी आहे.

कोणी नव्हतं. शिंपी वर येत होता, दोऱ्याची रिळं मागायला. मी दार उघडायच्या आधी तीनदा विचारलं, कोण, कोण, कोण. तो म्हणाला, "आजी, मीच आहे, कालच्यासारखा, काहीच न झालेला." मी हसले नाही. त्याने रिळं घेतली आणि गेला. जाताना म्हणाला, "काल फार छान झालं." कालपर्यंत मी या माणसाला माझा मुलगा म्हणत होते. आज त्याच्या पाठीकडे बघत बसले.

आता लिहिते. लिहायचंच होतं, ठकीच्या हातात खेळणं देऊन मघापासून तेवढ्यासाठीच बसले आहे, पण हात वळत नव्हता.

ते दोघे गेले, आणि थोड्या वेळाने पाववाला आला. त्याच्या मागे एका चादरीत शिरून घोडा झालेली त्याची दोन्ही पोरं. पुढचे पाय एक, मागचे पाय दुसरा, आणि दोघे भांडत होते. मी पाववाल्याला म्हटलं, "मग मघाचा राजा?" तो म्हणाला, "कुठला राजा? आम्ही आत्ता भट्टी बंद करून निघालो." त्याला वाटलं, मी चुकले, आता हसायचं. सगळे हसले. मी ताटल्या उचलायला लागले.

अस्वलाच्या ताटलीत तिकोन्या खाल्लेल्या होत्या. नुसतं कवच. सारण अंगठ्याने काढून ताटलीच्या काठाला चिकटवून ठेवलेलं, एकापुढे एक, काळे ठिपके.

तुला आठवतं का, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या सणाला तुझा नवरा माझ्या समोर बसून असंच करत होता? मला वाईट वाटलं होतं. तू म्हणालीस, त्याला खसखस म्हणजे किडे वाटतात. मी तेव्हा हसले होते. दुसऱ्या कोणाला असं खाताना मी आयुष्यात पाहिलं नाही.

मी ताटली धुवून टाकली. का धुतली, मला माहीत नाही. शिंपीण म्हणते, ठेवायची होती, दाखवायला. कोणाला दाखवायची? पोलिसांना काय सांगू? अस्वल आलं होतं साहेब, मिठाई आणली, सारण टाकलं, नमस्कार करून गेलं? ते म्हणतील आजीबाई, सण होता. कोर्टाचा निकाल अजून यायचाय, तोवर बापाला पोरीचं तोंड बघायला बंदी नाही, हे तुझ्या वकिलानेच सांगितलं होतं. आणि त्याने भर चौकात काय सांगितलं होतं तेही मला पाठ आहे, की एकदा पोरीला घेऊन समुद्रापलीकडे गेलो की कागद चाटत बसा. त्याचे आणि तिचे दोघांचे पासपोर्ट त्याच्याकडेच आहेत. ठकीच्या दंडावरची ती खूण अजून गेली नाही गं. अंघोळ घालताना मी तिथे हलका हात लावते, तरी ती अंग चोरते.

काल सगळे गेल्यावर मी तिचं पीठ झटकलं, उशी सोडली. तिला काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. चहात पाव बुडवता बुडवता तीच म्हणाली, "आजी, ते अस्वल बाबा होते."

मी म्हटलं, तुला कसं कळलं?

"ते माझ्या हाताकडे बघत होते. पण त्यांनी मला ओळखलं नाही." आणि अशी खूश होती, डोळे चमकत होते. "मी आजी होते ना! मी पुढचं बोललेच नाही, नाहीतर आवाज कळला असता."

मी म्हटलं, हो गं माझी शहाणी, कसं ओळखणार. तिला पोटाशी धरलं. आजही तिला तेच वाटतंय. तू आलीस की तूही तेच म्हण.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही हे सांगत नाही, म्हातारपणी तसंही लागत नाही. पण एक गोष्ट उगाळत बसले. त्याला कोणी सांगितलं? तू त्याला कधी माझ्या या नव्या खोलीचा पत्ता दिला नाहीस. मी तुझ्याशिवाय कोणाला पत्र लिहीत नाही. जिना चढून कुठल्या दारात शिरायचं हे त्याला ठाऊक होतं, आणि कालच यायचं हेही. म्हणजे काल माझ्या खोलीत जी माणसं हसत होती, त्यातलंच कोणीतरी. शिंपीण असेल असं म्हणताना जीभ झडते. तिनेच मला खोली दिली, काम दिलं. इस्त्रीवाल्याला कशाचंच पोटात राहत नाही, पण तो भोळा आहे. भोळाच आहे का? त्याची बायको किटली होऊन बसली होती, तिचं तोंड मला दिसलंच नव्हतं. बघ, माझं काय होऊन बसलंय. एका दिवसात सगळ्या ओळखीच्या चेहऱ्यांना मला दोऱ्या दिसायला लागल्या, कानामागे बांधलेल्या.

हे पत्र पाववाल्याच्या हाती देते आहे. त्याची गाडी पहाटे तुझ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पाव टाकते. त्याच्यावर विश्वास का, तर त्याची पोरं घोडा होती. एवढंच माझ्याकडे उरलंय. पाकीट कणकेने चिकटवलंय, कडा ओल्या लागल्या तर घाबरू नको, ते कणकेचंच आहे.

शुक्रवारी सकाळी हे तुला मिळेल. मिळालं की नीघ. मोठ्या नर्सला सांग, आई मरायला टेकली आहे, खोटं वाटलं तर माझ्यावर घाल. शनिवारी शब्बाथ आहे, विसाव्याचा वार, गाडीत कशी बसू, असलं काही मनात आणू नको. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, असं माझे वडील म्हणायचे, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी देवभोळे होते. देवाने काही विचारलं तर मी उत्तर देईन, माझी त्याच्याशी जुनी ओळख आहे. तू आलीस की आपण तिघी कुठेतरी जाऊ. कुठे ते मला सांगू नको. मला सांगितलेलं माझ्या पोटात राहत नाही, हे आता तुला कळलंच.

मी इथेच राहिले तरी चालेल. पोरीला ने.

एक लिहायचं टाळते आहे, पण ते लिहिल्याशिवाय पत्राला अर्थ नाही. ताट त्यांनी मुद्दाम ठेवलं. जाताना राजा म्हणाला, "आजी, ताट राहू दे, न्यायला परत येऊ. कधी येऊ?" सणाचं ताट परत न्यायला कोणी आलं तर नाही कसं म्हणायचं? आणि मी किती खुशीत होते तुला सांगते, मीच म्हटलं, रविवारी दुपारी या. शिंपी-शिंपीण रविवारी कापड आणायला जातात, खाली दुकान बंद असतं, घर अगदी मोकळं, निवांत बसून गप्पा मारू. पोरगीही असेल, असंसुद्धा म्हटलं. अस्वलाने तेव्हा पहिल्यांदा मान हलवली.

वाट बघणारी,
पोरीचा हात हातात धरून बसलेली,
तुझी आई

रविवारी दुपारी येतो म्हणालेत.